लाईन किलेर

धुरपताबाईचं आणि रेल्वेचं कधी पटलं नाही. रेल्वेनं तिच्या पोराला नोकरी दिली, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं, अंगावर निळा कोट चढवला, तरी म्हातारीची एक तक्रार शेवटपर्यंत राहिली. ही रेल्वे दिव्यावर तोंडानं फुंकते, म्हणायची.

मी तेव्हा चुडाव्याला बुकिंग क्लार्क होतो. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं ते लहानसं स्टेशन. मोजक्या गाड्या थांबायच्या आणि बाकीच्या आमच्या तोंडावर धूळ उडवून निघून जायच्या. तिकीट मागणाऱ्यांपेक्षा पाणी मागणारेच खिडकीशी जास्त यायचे. अशा जागी माणूस दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघत बसतो. मीही बसायचो, आणि माझ्या खिडकीसमोर घर होतं ते सटवाजीचं.

सटवाजी आमचा पॉइंट्समन. गाडीचे सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा, आणि संध्याकाळी सिग्नलच्या खांबावर चढून घासलेटचे दिवे लावायचे, ही त्याची कामं. सकाळी उजाडलं की पुन्हा शिडी चढायची, दिव्याची काच उघडायची, फू करायचं आणि दिवा खाली आणायचा. ते फू म्हातारीला क्वार्टरच्या दारातून दिसायचं. ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिला बहुतेक ऐकूही यायचं. गडी खाली उतरायच्या आत तिचं सुरू. दिव्याला तोंड लावतोस, दिव्यावर थुंकतोस, तुला लाज कशी न्हाई.

सटवाजी हसायचा. एकदा म्हणाला, "माय, ते सरकारी दिवे हायत. सरकारला काय वंश हाय?"

यावर म्हातारी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. आम्हाला मात्र ते वाक्य फार आवडलं होतं. आमचे स्टेशनमास्तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आता दिवा फुंकू नये हे काही तिनं एकटीनं काढलेलं नव्हतं. माझी आईसुद्धा दिवा पदराच्या वाऱ्यानंच मालवायची. दिवा विझला, दिवा गेला, असं तर कुणी बोलायचंच नाही. शांत केला म्हणायचं, मालवला म्हणायचं. पण धुरपताबाई त्यातही कडक. तिला मालवला हा शब्दसुद्धा जड जायचा. ती नुसता हात हलवून दाखवायची. त्याला कारण होतं. सटवाजीच्या आधीचं तिचं एकही लेकरू हाती लागलं नव्हतं. मग सटवाईला नवस झाला, हा झाला, जगला, आणि देवीचंच नाव लावून घेऊन मोठा झाला. नवरा लवकर गेला. तेव्हा वंशाचा दिवा हे शब्द आपण लग्नपत्रिकेतल्यासारखे वापरतो, तसे ती वापरत नव्हती. तिच्या घरात खरोखरच एक दिवा होता आणि तो निळा कोट घालून हिंडत होता.

बहात्तरच्या दुष्काळात म्हातारी खडी फोडायच्या कामावर गेली. सटवाजीनं नको म्हटलं होतं, पण बसून खाणं तिला ठाऊक नव्हतं. त्या धुळीनं की आधीपासून आत काही होतं म्हणून, तिला दमा लागला. आधी थंडीत, मग पावसाळ्यात, मग केव्हाही. रात्र रात्र उशीला उशी लावून बसून काढायची. सटवाजीनं आधी सगळे गावठी उपाय केले, आणि शेवटी पूर्ण्याला डॉक्टरकडे नेलं. रेल्वेवाल्यांना बघणारे हे डॉक्टर मोठे सरळ माणूस. त्यांनी गोळ्या दिल्या, सकाळची एक आणि रात्रीची एक, आणि एक काड्यापेटी हातात ठेवली.

ही काड्यापेटीची गोष्ट सटवाजीनं मला इतक्यांदा सांगितली की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, सिकंदराबादच्या मोठ्या दवाखान्यात एक घड्याळासारखं यंत्र असतं. त्यात जोरात फुंकलं की काटा पळतो आणि छातीत किती जोर आहे ते कळतं. आपल्याकडं ते नाही. आपलं यंत्र हे. काडी ओढायची, तोंडापासून वीतभर लांब धरायची, तोंड मोठं उघडं ठेवायचं, ओठांचा चंबू करायचा नाही, आणि तशाच उघड्या तोंडानं श्वास सोडून काडी विझवायची. विझली तर छाती मोकळी. नाही विझली तर नळ्या आतून आवळल्यात असं समजायचं. रोज सकाळी करायचं. आणि ज्या दिवशी विझणार नाही त्या दिवशी, पेशंट बरं आहे म्हणो की काही म्हणो, पहिल्या गाडीत बसवून इकडं आणायचं. दम्याच्या माणसाला आपला दम किती कमी झालाय हे नेहमी कळत नाही, काडीला कळतं.

म्हातारीनं तिथं डॉक्टरांसमोर काडी विझवून दाखवली. दुसऱ्या खेपेला विझली. डॉक्टर शाबास म्हणाले, तेव्हा ती लाजली होती म्हणे.

घरी आल्यावर दोन-चार दिवस काडीचा खेळ नीट चालला. मग एका सकाळी तिचं बोट भाजलं. काडी जळत आली तरी हिचा श्वास गोळा होत नव्हता, आणि हट्टानं धरून बसली. सटवाजीला वाईट वाटलं. हा माणूस जन्मभर दिव्यांत वावरलेला. त्यानं विचार केला, काडी आणि दिवा, ज्योत ती ज्योतच. काडी हलते, लवकर संपते, बोट भाजते. त्यापेक्षा चिमणी बरी, सकाळी अंधारात ती पेटलेली असतेच. त्यानं मधल्या खोलीतल्या देवळीत रॉकेलची चिमणी ठेवली, वात कापून ज्योत काडीएवढी बारीक केली, म्हातारी पाटावर बसली की तिच्या तोंडाच्या बरोबर समोर येईल अशी खाली विटेची बैठक केली, आणि वीतभर अंतरावर जमिनीत एक खिळा ठोकला, म्हणजे पाट पुढं-मागं व्हायला नको. मला खास बोलावून दाखवलं. मीसुद्धा मान डोलावली. खरंच चांगलं काम होतं. सिग्नलचा दिवा लावावा तसं त्यानं ते सगळं लावलं होतं.

पहिल्या दिवशी तो समोर उभा राहिला तर म्हातारी काही करेना. तू हो बाहेर, तुझ्यासमोर मला हसू येतं, म्हणाली. तो बाहेरच्या खोलीत जाऊन कोट चढवायला लागला आणि तिथून ओरडला, "माय, लाईन किलेर?"

गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनातून लाईन क्लिअर मिळाली का, हे स्टेशनात दिवसभर चालायचंच. ते म्हातारीच्या कानावरून रोज जायचं. आतून थोड्या वेळानं उत्तर आलं, "किलेर."

सटवाजी हसत हसत ड्युटीवर आला. त्या दिवसापासून हा रोजचा परिपाठ झाला. पहाटे हा कोट घालताना विचारायचा, ती आतून सांगायची. आम्ही बुकिंगच्या खिडकीतून ऐकायचो आणि मास्तर म्हणायचे, चला, चुडाव्याची पहिली गाडी सुटली.

मला आता त्या शब्दाचा राग येतो. दुसरा कुठलाही प्रश्न विचारला असता तर तिला उत्तर द्यायला अडचण आली असती. फुंकर घातलीस का, असं विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती, तो तिचा स्वभावच नव्हता. दिवा विझला का, असं विचारलं असतं तर तो शब्द उच्चारावा लागतो म्हणून ती चिडली असती, आणि चिडून खरं काय ते बोलून गेली असती. पण किलेर हा शब्द फार सोयीचा होता. त्यात विझणं नव्हतं, जाणं नव्हतं, फुंकर नव्हती. दिव्याबद्दल काही वाईट न बोलता दिव्याचं सांगता येत होतं. तिला तो मनापासून आवडला असणार.

रेल्वेच्या मोठ्या संपानंतरचा हिवाळा आला. म्हातारीला बरं होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. पूर्ण्याला जायचा तिला कंटाळा, डब्यात कुणी बिडी ओढली की तिला ठसका लागायचा. म्हणून सटवाजी एकटाच जाऊन गोळ्या आणायचा. डॉक्टर दर वेळी विचारायचे, विझते का? हा सांगायचा, रोज विझते सायेब, एक दिवस खाडा न्हाई. काडीच्या जागी चिमणी आल्याचं त्यानं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. रोज विझते आहे तर रात्रीची गोळी बंद करून बघू, डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. सटवाजी त्या दिवशी पेढे घेऊन आला होता. मला दोन दिले.

पुढची वेळ आली नाही. माघात ज्वारीची खळी सुरू झाली. वारा सुटला की भुसा थेट क्वार्टरपर्यंत यायचा. तीन-चार दिवस म्हातारी घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसलेली मला दिसत होती. मी विचारलं तर हात हलवला, थंडी हाय म्हणाली. सुनेला, बायनाला, वाटलं की सासूबाईंनी लेकाला सांगितलं असेल. लेकाला वाटलं, काही असतं तर दिव्यानं सांगितलं असतं.

त्या सकाळीही त्यानं विचारलं आणि आतून किलेर आलं. आवाज बारीक होता, पण झोपेचा असेल, असं तो नंतर म्हणाला. तो ड्युटीवर आला, दिवे उतरवले. पूर्ण्याकडं जाणारी पॅसेंजर आली, थांबली. सटवाजीनं सिग्नल पाडला आणि गाडी गेली. तिचा धूर अजून बाभळींवर होता, तेवढ्यात बायना रुळांतून पळत आली.

मी तिकिटाची खिडकी तशीच टाकून गेलो. धुरपताबाई पाटाजवळच बसली होती, दोन्ही हात जमिनीला टेकवून. खांदे वर-खाली होत होते आणि आवाज काहीच नव्हता. छातीची शिट्टी वाजली असती तर बरं, असं वाटण्यासारखी शांतता होती. मास्तरांनी पूर्ण्याला फोन केला आणि नांदेडहून येणारी मालगाडी लाल दाखवून थांबवली. गार्डाच्या डब्यात तिला चढवलं. सटवाजी तिला मागून धरून बसला होता. पण मालगाडी यायला वेळ लागला होता. पॅसेंजर गेली तेव्हा म्हातारी बोलू शकत होती. मालगाडी आली तेव्हा ती फक्त बघत होती. पूर्णा यायच्या आधी तेही थांबलं.

डॉक्टर स्टेशनवर येऊन उभे होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला, मग सोडला, आणि सटवाजीला विचारलं, आज काडी विझली होती का?

"विझली व्हती सायेब."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. यानं पुन्हा तेच सांगितलं. मग ते म्हणाले की कधीकधी असं होतं, अचानक येतं, कुणाच्या हातात राहत नाही. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत.

त्या अचानक या शब्दावर सटवाजीनं पुढचे दिवस काढले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, सकाळपर्यंत छाती मोकळी होती बघा, दिवा विझवला तिनं, डाक्टरसायेब म्हनले अचानक आलं. मी शेजारी बसून हो म्हणायचो. माणसाला दुःखात टेकायला काहीतरी लागतं, आणि हे टेकण काही वाईट नव्हतं. आईचा रोजचा श्वास आपण रोज मोजत होतो, आपल्याकडून कसूर झाली नाही, एवढं त्याच्याजवळ होतं.

जिथं ती बसायची तिथंच पिठावर दिवा ठेवला होता. बायना तेराव्यापर्यंत त्याच्यावर नजर ठेवून होती, तेल घालत होती, वारा लागू देत नव्हती. तेरावं झालं, पाहुणे गेले. संध्याकाळी आवराआवर चालली होती. मी पाहुण्यांसाठी नेलेल्या स्टेशनच्या सतरंज्या परत घ्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. सटवाजी वाकून दिवा उचलायला गेला आणि हाताच्या सवयीनं, खरं तर तोंडाच्या सवयीनं, त्यानं गाल फुगवले.

बायनानं मध्ये हात धरला. "तोंडानं नका. आत्याबाईच्या दिव्याला तरी नका."

त्यानं मान हलवली, मागं सरकला. तिनं पदराचा शेव धरला आणि असा एकच हलका वारा घातला की ज्योत पडली. धूरसुद्धा सरळ वर गेला. इतक्या सफाईनं केलं की सटवाजी म्हणाला, हे कुठं शिकलीस.

"आत्याबाईकडून. त्या रोज सकाळी आस्संच करायच्या की."

सटवाजी उभा होता तो खाली बसला. मला वाटलं थकला असेल. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "रोज सकाळी? देवळीतल्या चिमणीला?"

"मंग. तुमी भाईरून लाईन किलेर म्हनलं की पदर हालवायच्या, मंग किलेर म्हनायच्या." बायनाच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. सासूची आठवण निघाली म्हणून तिला बरं वाटत होतं. "पयल्या दिवशी म्याच म्हनलं, आत्याबाई, डाक्टरनं फुकायला सांगितलंय ना. तर म्हनल्या, काडीची गोष्ट येगळी, काडी फुकीन मी. घरात दिवा एकच हाय माजा, त्याच्यावर कशी फुकू? आन त्याला बोलू नको म्हनल्या, लेकरानं लय हौसेनं केलंय."

मी दारातून सटवाजीकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. बायनाला यातलं काही कळलेलं नव्हतं. फुंकर कशासाठी होती, ज्योत न विझण्याचा अर्थ काय होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो डॉक्टरचा, लेकाचा आणि आईचा कारभार होता. तिच्या लेखी सकाळी दिवा शांत करायचा असतो आणि सासूबाई तो रीतीप्रमाणं करत होत्या.

सटवाजी काय बोलेल याची मला भीती वाटली. माणूस अशा वेळी समोर असेल त्याच्यावर ओरडतो. पण तो तिला एवढंच म्हणाला, "बरं केलंस, तिचं ऐकलंस ते."

तिनं डोळे पुसले आणि दिवा उचलून आत नेला.

लोकांना मी ही गोष्ट सांगितली की कुणीतरी शहाणा म्हणतोच, अडाणीपणा, दुसरं काय. मला संताप येतो. अडाणी कोण होतं? म्हातारीला काडी आणि दिवा यांतला फरक बरोबर माहीत होता. तो आम्हाला माहीत नव्हता. मला नव्हता, आणि दिवा फुंकतो म्हणून रोज शिव्या खाणाऱ्या तिच्या लेकालाही नव्हता. त्याला निदान आठवायला हवं होतं. पण आईच्या रोजच्या बोलण्यातलं कुणाला काय आठवतं? ते वाऱ्यासारखं कानावरून जातं, आणि ती गेल्यावर एकेक शब्द परत येतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी स्टेशनात आलो तर सटवाजी सिग्नलच्या शिडीवर होता. दिव्याची काच उघडलेली, आणि हा नुसता समोर उभा. ऊन वर आलं, ज्योत दिसेनाशी झाली, तरी उभाच. मास्तर ओरडणार होते, मी त्यांना राहू द्या म्हटलं. शेवटी तो पेटलेला दिवा तसाच हातात घेऊन खाली उतरला, दिवसाढवळ्या प्लॅटफॉर्मवरून चालत आला, आणि माझ्या खिडकीशी थांबून वात हळूहळू खाली केली.

"बाबू," तो म्हणाला, "काडीच ऱ्हाऊ दिली असती तर?"

काडी राहिली असती तर बोट आणखी दोनदा भाजलं असतं. आणि त्या आठवड्यात कुठल्यातरी सकाळी ती विझली नसती, आणि म्हातारी पॅसेंजरमध्ये बसून कुरकुरत पूर्ण्याला गेली असती. हे त्याला माहीत होतं.

"बायनाला कदी सांगू नका," तो म्हणाला. "तिला वाटंल, मी रोज बगत व्हते आन बोलले न्हाई."

मी कधी सांगितलं नाही. चार वर्षांनी माझी सेलूला बदली झाली, तोपर्यंत तो त्याच स्टेशनात, त्याच क्वार्टरमध्ये होता. दिवे त्यानं पुन्हा कधी फुंकले नाहीत. घरी पहाटे काही विचारायचा प्रश्नच नव्हता, कोट घालून मुकाट बाहेर पडायचा. पण रेल्वेच्या नोकरीत तो शब्द टाळता येत नाही. प्रत्येक गाडीला तो लागतोच. पूर्ण्याकडची गाडी निघायची झाली की मास्तर खिडकीतून हाक मारायचे, "सटवाजी, लाईन क्लिअर!" आणि सिग्नलकडं जायच्या आधी तो एकदा क्वार्टरच्या दाराकडं बघायचा.